हळकुंडाचा पिवळा आणि कॅमेऱ्याचा पिवळा

वसमतच्या मोंढ्यात हळदीचे पोते उघडले की मुरलेला आडत्या वरवरच्या रंगाकडे फारसे लक्ष देत नाही. तो मूठभर हळकुंडे उचलतो, त्यातले एक दोन्ही अंगठ्यांच्या जोराने मोडतो, मोडताना येणारा आवाज ऐकतो आणि मग मोडलेले तोंड उजेडाकडे धरून पाहतो. नीट वाळलेले हळकुंड मोडताना धातूसारखा खणखणीत आवाज देते. आत ओल राहिली असेल तर ते चिवटपणे वाकून तुटते आणि आवाज दबका येतो. एवढ्यावर मालाची प्रत ठरते आणि बीट, म्हणजे लिलाव, पुढे सरकते. या काही सेकंदांच्या कामात कॅमेरा आणि सेन्सर काही भर घालू शकतात का, हा माझ्या संशोधनाचा विषय. विषय नोंदवताना माझी खात्री होती की हे काम मुख्यतः सॉफ्टवेअरचे आहे: फोटो काढायचे, संगणकाला शिकवायचे आणि त्याच्याकडून प्रत वदवून घ्यायची. तीन हंगाम उलटल्यावर माझी वही चाळली तर तिची बहुतेक पाने उजेड, उजेडाचा करंट करणारे फोटोडायोड आणि विजेचा संकेत मोठा करणाऱ्या एका चुकीच्या ॲम्प्लिफायरने भरलेली आहेत. संगणकाला शिकवण्याची पाने शेवटी आहेत आणि ती थोडी आहेत.

मी नांदेडला अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना इलेक्ट्रॉनिक्स शिकवते आणि आजोळ वसमत तालुक्यात असल्यामुळे हळद मला पुस्तकातून शिकावी लागली नाही. हिंगोली जिल्ह्यातली हळद बहुतांश सेलम वाणाची. मे-जूनमध्ये लागवड, जानेवारीपासून मार्चपर्यंत काढणी, मग शिजवणे, वाळवणे आणि फिरत्या ढोलात घालून पॉलिश. वसमतच्या हळदीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हापासून गुणवत्ता मोजण्याची भाषा मोंढ्यातही ऐकू येऊ लागली आहे. ही गुणवत्ता म्हणजे मुख्यतः कुरकुमिन, हळदीतले पिवळे रंगद्रव्य. प्रयोगशाळेत ते मोजायचे झाल्यास हळदपूड अल्कोहोलमध्ये विरघळवून स्पेक्ट्रोफोटोमीटरमध्ये ४२५ नॅनोमीटरच्या निळ्या-जांभळ्या उजेडाला ती किती अडवते ते पाहतात. हळद पिवळी दिसते ती याच कारणाने: ती निळा उजेड गिळते आणि उरलेला परत पाठवते. म्हणजे कुरकुमिनबद्दल हळकुंडाला जे काही सांगायचे आहे ते निळ्याच्या अभावात आहे, पिवळ्याच्या झळाळीत नाही. हे वाक्य मी पहिल्या प्रगती अहवालात लिहिले होते खरे, पण त्याचा अर्थ मला पुढच्या वर्षी कळला.

पहिल्या हंगामात मी मोबाइल घेऊन मामाच्या खळ्यावर आणि नंतर मोंढ्यात शेकडो फोटो काढले. मामा म्हणाला, "फोटो काढून काय करायलीस गं? हळद काय बघायची चीज हाय का?" त्या वेळी मी हसले. फोटो घरी आणून पाहिले तर एकाच ढिगाचे दोन फोटो दोन वेगवेगळ्या हळदींचे वाटावेत इतके निराळे होते. एका फोटोत चौकटभर फक्त हळकुंडे होती. दुसऱ्यात कोपऱ्यात आडत्याकाकांच्या पांढऱ्या धोतराचा सोगा आला होता. फरक त्या सोग्याने पाडला होता. मोबाइलचा कॅमेरा प्रत्येक फोटोत उजेडाचा रंग कोणता असावा याचा अंदाज बांधतो आणि त्यानुसार लाल, हिरवा व निळा यांचे प्रमाण बदलतो. त्याला व्हाइट बॅलन्स म्हणतात. या अंदाजाची सर्वांत जुनी आणि सोपी पद्धत अशी की चौकटीतल्या सगळ्या रंगांची सरासरी करडी असायला हवी असे मानायचे. आजचे कॅमेरे याहून हुशार आहेत, पण चौकट काठोकाठ हळदीने भरली की तेही फसतात. उजेडच पिवळा आहे असे समजून ते निळा वाढवतात, म्हणजे जी गोष्ट मोजायला मी गेले होते तीच ते दुरुस्त करून टाकतात. सोगा चौकटीत आला की कॅमेऱ्याला पांढरे काहीतरी सापडते आणि हळद पुन्हा पिवळी होते.

व्हाइट बॅलन्स हाताने पक्का केला, तरी दुसरी अडचण तिच्यापेक्षा खोल निघाली. फोटोतल्या प्रत्येक बिंदूचे लाल, हिरवा आणि निळा असे तीन आकडे मी छापून पाहिले. चांगल्या हळदीत निळ्याचा आकडा शून्य होता. मध्यम हळदीतही शून्य. ओळीमागून ओळी शून्यच. आधी वाटले की माझाच प्रोग्रॅम चुकला. प्रत्यक्षात गोष्ट अशी आहे की कॅमेऱ्याच्या सेन्सरवर कोडॅकच्या ब्राइस बायर यांनी १९७६ साली पेटंट घेतलेली रंगीत चौकडी असते, तिच्यात निम्म्या पेशी हिरव्या आणि लाल व निळ्या प्रत्येकी पाव; या पेशींचे आकडे पडद्याच्या ठरलेल्या तीन रंगांत बसवण्यासाठी आतमध्ये एक गणित होते, ज्यात निळ्यातून लाल-हिरव्याचा काही भाग वजा केला जातो. हळदीचा पिवळा इतका गडद आहे की पडद्याच्या तीन रंगांत तो मावतच नाही. वजाबाकीत निळा ऋण निघतो आणि ऋण रंग नसतो म्हणून त्याला शून्यावर आणून बसवतात. उणे पाच आणि उणे तीस या दोन्हींचे शून्य झाले की त्यांतला फरक कोणत्याही अल्गोरिदमला परत आणता येत नाही. त्यावर जेपेग फाइल रंगाची माहिती बहुधा निम्म्या बारकाईने साठवते आणि आठ-बाय-आठच्या ठोकळ्यांत दाबते, ते वेगळेच. ज्या कच्च्या फाइलवर कोणतीही प्रक्रिया झालेली नाही तीच वापरायची, असा नियम तेव्हापासून केला.

इथे एक कबुली देणे भाग आहे. हे सगळे उघड होण्याआधी माझा प्रोग्रॅम प्रत ओळखण्यात जवळजवळ अचूक निघत होता आणि मी तो निकाल एका परिसंवादात अभिमानाने मांडलाही होता. प्रश्नोत्तरांत एका ज्येष्ठ बाईंनी शांतपणे विचारले की शिकवण्यासाठी वापरलेले फोटो आणि चाचणीचे फोटो वेगवेगळ्या शेतकऱ्यांच्या मालाचे होते का. नव्हते. एकाच ढिगाचे काही फोटो शिकवणीत आणि काही चाचणीत गेले होते. त्यात चांगल्या मालाचे ढीग सकाळी आणि कमी प्रतीचे दुपारनंतर टिपलेले होते, कारण मोंढ्यात माल त्या क्रमाने समोर येत होता. संगणकाने हळद ओळखायला शिकण्याऐवजी सकाळ आणि दुपार ओळखायला शिकून घेतले होते. शेतकऱ्यांनुसार फोटो वेगळे करून पुन्हा चाचणी घेतली तेव्हा निकाल इतका घसरला की तो आकडा मी वहीत पेन्सिलने लिहिला.

दुसऱ्या हंगामात उजेड आपल्या ताब्यात घ्यायचे ठरवून प्लायवूडची पेटी केली, आतून काळा मॅट रंग दिला आणि वर पांढऱ्या एलईडीची पट्टी लावली. पहिल्याच फोटोत आडवे पट्टे उमटले. बाजारातल्या स्वस्त ड्रायव्हरवर चालणारा एलईडी वीजपुरवठ्याच्या ५० हर्ट्झच्या दुपटीने, म्हणजे सेकंदाला शंभर वेळा, मंद-तीव्र होतो. मोबाइलचा सेन्सर चित्र एका क्षणात न टिपता ओळीमागून ओळ वाचतो, म्हणून काही ओळी उजळ आणि काही अंधुक येतात. उघडझापेची वेळ (एक्सपोजर) १० मिलिसेकंदांच्या पटीत ठेवली की पट्टे जातात. मी त्याऐवजी बॅटरीवर चालणारे स्थिर करंटचे साधे सर्किट बांधले, कारण खळ्यावर विजेचा भरवसा नसतो.

पट्टे गेले तरी हाती फार काही लागेना. कारण पुन्हा उजेडातच होते. पांढरा एलईडी मुळात निळा एलईडी असतो, सुमारे ४५० नॅनोमीटरचा, आणि त्याच्यावरचा पिवळा फॉस्फर त्या निळ्यातला काही भाग घेऊन पिवळा उजेड देतो. आपल्या डोळ्याला दोन्ही मिळून पांढरे दिसते. या दोन डोंगरांच्या मध्ये, ४८० नॅनोमीटरच्या आसपास, खोल दरी असते. हळदीच्या बाबतीत नेमकी तीच जागा मोलाची आहे, कारण ४५० नॅनोमीटरला कोणतीही बऱ्यापैकी हळद जवळजवळ सगळा उजेड गिळून टाकते आणि ५५० च्या पुढे कोणतीच फारसा गिळत नाही. बरी आणि उत्तम यांतला फरक मधल्या चढावर दिसण्याची शक्यता जास्त. थोडक्यात, जिथे पाहायचे तिथेच माझ्या पेटीत अंधार होता. मग पांढरी पट्टी काढून मी पाचशेच्या आसपासचा हिरवट-निळा, हिरवा आणि लाल असे वेगवेगळे एलईडी बसवले आणि प्रत्येक रंग आळीपाळीने पेटवायला सुरुवात केली. असे केले की कॅमेऱ्याची गरजही कमी होते. एका ठिकाणचा परतलेला उजेड मोजायला एक फोटोडायोड पुरतो. प्रतिमाप्रक्रियेच्या विषयात कॅमेराच बाजूला ठेवला म्हणून मार्गदर्शक सरांची भुवई वर गेली, पण त्यांनी अडवले नाही.

सर्किटची गोष्ट थोडी सविस्तर सांगते, कारण माझे तीन महिने तिने खाल्ले. आमच्या प्रयोगशाळेच्या कपाटात बीपीडब्ल्यू३४ हा फोटोडायोड आणि एलएम३५८ हा ॲम्प्लिफायर डबाभर असतात, म्हणून तेच घेतले. हा फोटोडायोड सिलिकॉनचा. ९०० नॅनोमीटरच्या आसपासच्या, म्हणजे डोळ्याला न दिसणाऱ्या उजेडाला तो सर्वाधिक प्रतिसाद देतो आणि निळ्याकडे जाता जाता अशक्त होतो. हळकुंडावरून परतलेला तो थोडासा हिरवट-निळा उजेड त्याच्यावर पडला की करंट निघतो २० नॅनोअँपिअरच्या घरातला. ॲम्प्लिफायरच्या फीडबॅकमध्ये, म्हणजे आउटपुटकडून इनपुटकडे परत येणाऱ्या वाटेत, १ मेगाओहमचा रेझिस्टर असेल तर त्याचे होतात २० मिलिव्होल्ट, आणि ५ व्होल्टवर चालणाऱ्या १० बिटांच्या एडीसीची (व्होल्टेजचा आकडा करणाऱ्या भागाची) एक पायरी जवळपास ४.९ मिलिव्होल्टची असते. म्हणजे चार पायऱ्यांत हळदीची प्रत ठरवायची. रेझिस्टर १० मेगाओहमचा केला. तरीही उत्तम हळद ठेवली की आउटपुट शून्यावर जाऊन चिकटायचे. मल्टिमीटरने तपासले, सीआरओवर (संकेताची लाट पडद्यावर दाखवणाऱ्या उपकरणावर) पाहिले, सोल्डरिंग दोनदा नव्याने केले. शून्य ते शून्यच.

उत्तर ॲम्प्लिफायरच्या डेटाशीटच्या, म्हणजे उत्पादकाच्या माहितीपत्रकाच्या, दुसऱ्या पानावर होते, जे पान विद्यार्थ्यांना वाचायला सांगते आणि स्वतः वाचलेले नव्हते. एलएम३५८च्या इनपुट पिनमधून त्याचा स्वतःचा बायस करंट, म्हणजे त्याला चालायला लागणारा छोटा करंट, बाहेर येतो. त्याचे ठराविक मूल्य उत्पादकाप्रमाणे २० ते ४५ नॅनोअँपिअर असते. मला मोजायचा होता तेवढाच, किंबहुना त्याहून मोठा. फोटोडायोडला लागणारा करंट ॲम्प्लिफायर आपल्याच पिनमधून पुरवून टाकत होता, मग फीडबॅकमधून काही यायचे कारणच उरत नव्हते. वजाबाकी ऋण निघायची आणि एकाच बाजूच्या पुरवठ्यावर चालणारे सर्किट शून्याच्या खाली जाऊ शकत नसल्यामुळे तिथेच थांबायचे. कॅमेऱ्याच्या फाइलमध्ये निळ्याच्या रकान्यात दिसलेला शून्य मला तांब्याच्या पट्ट्यांवर पुन्हा भेटला होता. एमसीपी६००२ हा सीमॉस ॲम्प्लिफायर, ज्याचा बायस करंट सामान्य तापमानाला एका पिकोअँपिअरच्या (नॅनोअँपिअरच्या हजाराव्या भागाच्या) आसपास असतो, त्याच जागी बसवला आणि पहिल्यांदा हळकुंडाहळकुंडात फरक दिसू लागला. दोन्हींच्या पिनांची मांडणी सारखीच, त्यामुळे सॉकेटमधला आयसी बदलायला अर्धा मिनिट लागला.

त्यानंतर बोर्डाची स्वच्छता हा विषय आला, जो वर्गात आम्ही एका ओळीत उरकतो. ५ व्होल्टच्या पट्टीपासून इनपुटच्या पट्टीपर्यंत १०० मेगाओहमची गळती असली तरी ५० नॅनोअँपिअर वाहतात, आणि शंभर मेगाओहमची गळती व्हायला फार काही लागत नाही: सोल्डरिंगचा उरलेला फ्लक्स, घामाचे बोट, वर बसलेली हळदीची धूळ. ढोल सुरू असलेल्या खळ्यावर हवासुद्धा पिवळी असते. बोर्ड आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुऊन, इनपुटभोवती संरक्षक पट्टी काढून, वर लाखेचा थर दिला तेव्हा आकडे स्थिरावले. उरलेल्या भटक्या करंटसाठी जुनी युक्ती वापरली: एलईडी पेटवून एक वाचन, विझवून दुसरे, आणि दोन्हींची वजाबाकी. पेटीच्या फटीतून येणारे ऊन, फोटोडायोडचा अंधारातला करंट आणि उरलीसुरली गळती दोन्ही वाचनांत सारखीच असल्यामुळे निघून जाते. प्रत्येक वाचन २० मिलिसेकंदांची सरासरी घेऊन केले, म्हणजे ५० हर्ट्झचे एक पूर्ण आवर्तन होते आणि तारांत शिरलेला विजेचा गुणगुणाट आपोआप शून्य होतो. आमच्याकडे हे विशेष महत्त्वाचे, कारण एप्रिलच्या दुपारी खळ्यावरचे तापमान सहज चाळिशी ओलांडते आणि फोटोडायोडचा अंधारातला करंट दर १० अंशांना साधारण दुप्पट होतो. सकाळच्या २५ अंशांवरून ४५ वर गेले की तो चौपट. वजाबाकी नसती तर मी पुन्हा एकदा सकाळ आणि दुपारच मोजत बसले असते.

एलईडीचा उजेडही तापल्यावर कमी होतो, म्हणून प्रत्येक नमुन्याआधी पांढऱ्या टेफ्लॉनच्या चकतीवर वाचन घेऊन त्याच्याशी गुणोत्तर काढायचे असे ठरवले. चार दिवसांत चकती पिवळी पडली. एका विद्यार्थ्याने ती कपड्यांच्या साबणाने घासली आणि घाबरून फोन केला की मॅडम, चकती लाल झाली. कपड्यांचा साबण अल्कलीधर्मी, आणि कुरकुमिन अल्कलीत लाल होते. हळदीला चुना लावून कुंकू करण्याची रीत याच गुणावर उभी आहे. मी त्याला चकती धुऊन उन्हात ठेवायला सांगितले, कारण हळदीचा डाग उन्हात उडतो हे प्रत्येक घरातल्या बाईला ठाऊक असते. चकती दोन दिवसांत पांढरी झाली आणि त्याच वेळी माझ्या पोटात गोळा आला. हंगामाच्या सुरुवातीला प्रयोगशाळेत कुरकुमिन तपासून घेतलेले माझे संदर्भ नमुने काचेच्या बाटल्यांत, खिडकीच्या कठड्यावर, पश्चिमेच्या उन्हात ठेवलेले होते. दोन आठवडे त्यांची वाचने हळूहळू सरकत होती आणि मी दोष सर्किटला देत होते. सर्किट बरोबर होते. बाटल्यांतली हळदच फिकी होत चालली होती. ते नमुने टाकून देऊन नवे तपासून घेतले. आता ते काळ्या कागदात गुंडाळून कपाटात असतात.

आणि तरीही पेटी ढिगावर ठेवून प्रत सांगण्याचा माझा मूळ बेत फसला, त्याचे कारण इलेक्ट्रॉनिक्समध्ये नव्हते. पॉलिश करताना ढोलात शेवटी हळदपुडीचे पाणी शिंपडण्याची पद्धत आहे. त्याने हळकुंडांवर एकसारखा रंग चढतो. पेटी त्या लेपाचा रंग अगदी इमानदारीने मोजत होती. याहून गंभीर बाब भेसळीची. लेड क्रोमेट हे शिसेयुक्त पिवळे रंगद्रव्य बांगलादेशातल्या हळदीत वापरले जात असल्याचे २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसले होते. तेही निळाच उजेड गिळते, आणि तीन-चार एलईडींच्या पेटीला ते आणि कुरकुमिन वेगळे सांगता येतील असा दावा मी करणार नाही. मी एवढेच म्हणेन की वरून पाहून हळदीबद्दल बोलणे बंद करावे. आडत्याकाका हळकुंड का मोडतात ते मला तीन वर्षांनी सर्किटच्या बाजूने समजले.

यंदा पेटीत एक शिकंजा बसवला आहे. त्यात हळकुंड आडवे धरायचे, दांडा दाबला की ते मधोमध मोडते आणि मोडलेले तोंड सरकून फोटोडायोडसमोर येते. शिकंज्याखाली बझरमध्ये असते तशी, कंपनाचा विजेचा संकेत करणारी पिझो चकती चिकटवली आहे, म्हणजे मोडतानाचा आवाजही टिपता येतो. वाळलेल्या आणि ओलसर हळकुंडाच्या आवाजात सीआरओवर फरक दिसतो, पण शेजारचा ढोल सुरू झाला की चकती ढोलच ऐकते, म्हणून सध्या शिकंज्याखाली रबराचे दोन थर घालून पाहत आहोत. मार्चमध्ये पेटी घेऊन मोंढ्यात गेले तेव्हा आडत्याकाकांनी वीसेक हळकुंडे मोडून घेतली, आकडे वहीत उतरवू दिले आणि मग टेबलावरचे तुकडे गोळा करून पोत्यात परत टाकता टाकता विचारले, "पोरी, एका पोत्यामागं किती मोडणार तुझं मशीन? तुकड्याला भाव कमी लागतो." हा प्रश्न नमुना किती मोठा घ्यावा याचा आहे आणि त्यासाठी एकाच पोत्यातल्या हळकुंडांत आपापसांत किती फरक असतो ते आधी मोजावे लागेल. मामाने त्यासाठी दोन पोती बाजूला काढून ठेवली आहेत.